निःशब्दतेचे प्रामाण्य

संशयाविषयी आपल्या परंपरेने दोन परस्परविरोधी निवाडे देऊन ठेवले आहेत, आणि ते दोन्ही आपण शतकानुशतके एकाच मस्तकात सुखेनैव नांदवीत आलो आहोत. गीतेने संशयात्म्याच्या विनाशाचे भाकीत केले आणि प्रवचनकारांनी ते घरोघर पोचविले. उलट गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञातव्य असे सोळा पदार्थ मोजले तेव्हा प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे आसन संशयालाच दिले, आणि भाष्यकार वात्स्यायनाने तर असे प्रतिपादिले की, जे सर्वथा अज्ञात आहे किंवा ज्याचा निर्णय होऊन चुकला आहे त्याच्या ठायी न्यायाची प्रवृत्तीच संभवत नाही, ती संभवते केवळ संदिग्ध विषयाच्या ठायी. एकाच्या मते संशय हा आत्मघात, दुसऱ्याच्या मते तो ज्ञानाचा उंबरठा. श्रद्धेचा प्रांत वेगळा आणि तर्काचा प्रांत वेगळा अशी वाटणी करून हा तंटा मिटविण्याची सोय पुष्कळांनी योजिली आहे. पण ही वाटणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती व्यवहारात टिकत नाही, आणि ते पाहावयाचे झाल्यास मठ किंवा विद्यापीठ यांपेक्षा एक अगदी निराळे स्थळ मला अधिक सोयीचे वाटते. संगणकासाठी लहानशी ऑपरेटिंग सिस्टीम रचू पाहणारा मनुष्य आपले कर्नेल कंपायलरच्या स्वाधीन करतो आणि काही क्षणांत पडद्यावर इशाऱ्यांच्या ओळी उमटू लागतात. त्या ओळींचे करावयाचे काय, हा प्रश्न वरकरणी कारागिरीचा दिसला तरी अंतर्यामी तो प्रामाण्याचाच प्रश्न आहे.

सामान्य प्रोग्रॅम आणि कर्नेल यांत भेद आहे तो आश्रयाचा. हिशेब करणारा किंवा पत्र लिहून देणारा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमच्या छत्राखाली वावरतो. त्याने भलत्या पत्त्यावर हात घातला तर त्याला तेथल्या तेथे थांबविणारी, त्याने व्यापलेली स्मृती परत घेणारी आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणारी एक सत्ता त्याच्या खाली सदैव जागी असते. कर्नेल ही ती सत्ताच होय, आणि तिच्या खाली यंत्राखेरीज कोणी नाही. सी भाषेच्या मानकानेही हा भेद मान्य केला आहे: १९८९ च्या मानकाने साश्रय आणि निराश्रय अशा दोन अवस्था सांगितल्या आणि निराश्रय अवस्थेत भाषेच्या ग्रंथसंग्रहातील अवघ्या ४ मथळा-फायलींची हमी दिली, छपाई, फायली, स्मृतीची मागणी यांपैकी कशाचीही नाही. साश्रय प्रोग्रॅमचे मुख्य फंक्शन आपले काम आटोपून उत्तरादाखल एक अंक परत करते, कारण तो घेणारा कोणी असतो. कर्नेलच्या मुख्य फंक्शनाला परत जावयास ठिकाणच नसल्याने त्याच्या अखेरीस प्रोसेसरला थांबवून ठेवणारे एक न संपणारे आवर्तन लिहावे लागते. जो स्वतःच सर्वांचा आधार आहे त्याचा आधार कोणता, हा वेदान्त्यांचा आवडता प्रश्न येथे अलंकाराशिवाय उभा असतो.

आता इशाऱ्याचे स्वरूप. कंपायलर हा जुन्या कचेरीतील एखाद्या जाणत्या कारकुनासारखा असतो. अर्जात कायद्याने आवश्यक असलेली गोष्टच नसेल तर तो अर्ज परत करतो. पण अर्ज नियमात बसत असून त्यातील मजकूर त्याला खटकला, तर तो दाखल करून घेतो आणि समासात एक शेरा मारून ठेवतो. शेरा म्हणजे हुकूम नव्हे आणि निकालही नव्हे. कारकुनाने दस्तऐवज वाचलेला असतो, जमीन पाहिलेली नसते. पूर्वी तर हे दोन अधिकार दोघांकडे असत. बेल प्रयोगशाळेत सी भाषेचा कंपायलर दस्तऐवज रुजू करून घेण्याचे काम करी आणि दोष हुडकण्यासाठी स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम रचला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसृत केलेल्या जीसीसीसारख्या कंपायलरांनी पुढे ते कामही आपल्याकडे घेतले; पण ते किती करावयाचे हे ठरविण्याची मुखत्यारी वापरणाऱ्याकडेच राहिली. ‘डब्ल्यू-ऑल’ हा पर्याय दिल्याने सर्व इशारे मिळतात असा त्याच्या नावावरून समज होतो, परंतु तो खरा नाही. त्यापुढे ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ आहे, आणि त्याच्याही पलीकडे नावानिशी मागून घ्यावे लागणारे कितीतरी इशारे शिल्लक राहतात. नवशिक्या माणसाला मिळणारी शांतता ही बहुधा न मागितलेल्या प्रश्नांची शांतता असते.

घोषित करून वापरावयाचे राहिलेले व्हेरिएबल, हाताळणाऱ्या फंक्शनाला लागत नसलेला पॅरामीटर, आरंभबिंदूचे नाव न सापडल्यामुळे लिंकरने आपल्या मनाने गृहीत धरलेला पत्ता, यांविषयीचे इशारे वाचले की समजतात आणि समजले की मिटतात. २०२२ पासून लिंकर स्टॅकवरील मजकूर कार्यान्वित होऊ शकतो अशीही एक तक्रार करू लागला आहे, तिचे निवारण असेंब्लीच्या फायलीत एका ओळीची भर घालून होते. त्यांत तत्त्वचिंतनाला वाव नाही. जेथे तो आहे असे एक उदाहरण मात्र सविस्तर घेण्याजोगे आहे.

जुन्या सी भाषेत असा परिपाठ होता की, घोषणा न केलेले फंक्शन कोणी वापरले तर ते पूर्णांक परत करते असे मानून चालावे. १९९९ च्या मानकाने हा परिपाठ रद्द केला. तरीही जीसीसी पुढे पाव शतक केवळ शेरा मारून दस्तऐवज रुजू करीतच राहिला, आणि त्याने तो सरळ नामंजूर करण्यास आरंभ केला तो २०२४ साली, आपल्या चौदाव्या आवृत्तीत. आता समजा, कर्नेलमध्ये स्मृतीचे पान मिळवून देणारे एक फंक्शन आहे, ते ६४ बिटांचा पॉइंटर परत करते, आणि ते ज्या फायलीत वापरले आहे तेथे त्याची घोषणा राहून गेली आहे. जुना कंपायलर इशारा देईल आणि परत येणारे मूल्य ३२ बिटांचा पूर्णांक समजेल; पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडेल आणि त्याच्या जागी खालच्या भागातील चिन्हदर्शक बिटाची पुनरावृत्ती भरली जाईल. एवढ्याने कर्नेल तत्काळ कोसळले असते तर बरे झाले असते. पण ६४ बिटांच्या इंटेल घराण्यातील यंत्रांवर कर्नेल पत्त्यांच्या अवकाशाच्या अगदी वरच्या २ गिगाबाइटांत बसविण्याची रीत आहे, आणि त्या प्रदेशातील प्रत्येक पत्त्याच्या वरच्या अर्ध्या भागात सर्वत्र एकच अंक, १, असतो. चिन्हदर्शक बिटही १, त्याची पुनरावृत्तीही १. त्यामुळे गळून पडलेला भाग योगायोगाने जसाच्या तसा पुन्हा भरून निघतो. फंक्शन जोवर त्या प्रदेशातील पाने देत आहे तोवर सारे सुरळीत चालते. ज्या दिवशी ते अन्य प्रदेशातील पान देईल त्या दिवशी, बहुधा कोणी काहीही न बदलता, संपूर्ण यंत्र ठप्प होईल, आणि दोष शोधणारा मनुष्य त्या आठवड्यात केलेल्या फेरफारांत तो निष्फळ शोधीत बसेल.

नैयायिकांचा सिद्धान्त असा की, ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच सिद्ध नसते, ते अन्य साधनाने सिद्ध व्हावे लागते, आणि त्या साधनांपैकी प्रमुख साधन म्हणजे प्रवृत्तीचे साफल्य: दुरून पाणी दिसले, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते मृगजळ नव्हते. हा सिद्धान्त मला सर्वसाधारणपणे मान्य आहे आणि अभियंत्याच्या मनोवृत्तीला तो सहज मानवतो. कर्नेल सुरू झाले, पडद्यावर अक्षरे उमटली, त्या अर्थी ते बरोबर आहे, असे तो म्हणतो. परंतु वरील उदाहरणात प्रवृत्ती सफल झालेली आहे आणि ज्ञान तर मुळातच खोटे आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्याने कोरलेली रेघ एखाद्या अक्षरासारखी दिसावी, त्यातला हा प्रकार. घुणाक्षरन्याय म्हणून आपण तो बोलण्यात वापरतो. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने नैयायिकांच्या प्रमेच्या लक्षणांवर जो भडिमार केला त्यात मिटलेल्या मुठीतील कवड्यांची संख्या नेमकी ओळखणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. त्याचे उत्तर खरे निघाले म्हणून त्याला ज्ञान होते असे म्हणावयाचे काय, असा त्याचा प्रश्न आहे. कर्नेल रचणाऱ्याला हा प्रश्न वितंडा वाटत नाही, कारण एकदा सुरू झालेले कर्नेल हे पुष्कळदा बरोबर सांगितलेल्या कवड्याच असते. म्हणून इशारा प्रवृत्तीच्या पूर्वी येतो याला महत्त्व आहे. साफल्याची साक्ष आल्यानंतर मनुष्य शेरे वाचीत नाही.

मीमांसकांचा पक्ष याच्या उलट. कुमारिलाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते बाधित होते ते एक तर विरोधी ज्ञान उत्पन्न झाल्यास किंवा त्याच्या कारणात दोष आढळल्यास, आणि असा बाध नसेल तर उगाच शंका काढीत बसणे हे बुद्धीचे दौर्बल्य होय. वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोष नाहीत, म्हणून त्यातील एकही शब्द निरर्थक मानावयाचा नाही. आधुनिक कंपायलरच्या ठायी मला हे दोन्ही पंथ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. इशारे देणारा भाग नैयायिक आहे. पण प्रोग्रॅमला वेग आणणारा, त्यातील अनावश्यक ते काढून टाकणारा जो भाग आहे तो पक्का मीमांसक आहे: लिहिणाऱ्याने भाषेचा नियम कधीच मोडलेला नाही अशी त्याची अढळ श्रद्धा असते आणि त्या श्रद्धेच्या पायावर तो अर्थापत्तीचे इमले चढवितो. पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे, या आपल्या जुन्या उदाहरणातील अनुमान तो अहोरात्र करीत असतो.

त्याचे फळ लिनक्सने २००९ साली चाखले. आभासी जालजोडणीच्या एका ड्रायव्हरमध्ये प्रथम एका पॉइंटरच्या आधारे मूल्य वाचले होते आणि नंतरच्या ओळीत तो पॉइंटर शून्य तर नाही ना, अशी तपासणी केली होती. क्रम चुकला होता, एवढेच. कंपायलरने अर्थापत्ती केली: शून्य पॉइंटरच्या आधारे वाचन करणे भाषेला मान्य नाही, लिहिणारा भाषेचे नियम पाळतो, येथे वाचन केलेले आहे, अर्थात पॉइंटर शून्य नाही, सबब पुढील तपासणी निरर्थक. आणि त्याने ती तपासणी यंत्रभाषेतून गाळून टाकली. शून्य पत्त्यावर आपले पान बसविण्याची युक्ती ज्याला साधली त्याला या वाटेने कर्नेलचे सर्वाधिकार मिळविता येत होते. शब्दाविषयीच्या ज्या श्रद्धेतून मीमांसकाने एकही अक्षर व्यर्थ नाही असा निष्कर्ष काढला, त्याच श्रद्धेतून या यंत्राने नेमके रक्षणाचेच वाक्य व्यर्थ ठरविले. आणि या सर्व व्यवहारात नैयायिक भाग मूक राहिला. शेरा नाही, ताकीद नाही.

येथे खऱ्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. इशारा आला तर त्याचे काय करावे हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. इशारा आला नाही तर त्यातून काय जाणावे, हा कठीण. भाट्ट मीमांसकांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले: भूतलावर घट दिसत नाही, यावरून तेथे घट नाही असे कळते. प्राभाकरांना ते स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नाही, नैयायिक अभावाचे प्रत्यक्षच होते असे म्हणतात. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. (ज्यांना या संज्ञांचे अर्थ तपासून पाहावयाचे असतील त्यांच्यासाठी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश आहे, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ साली काढली.) आपल्या कामाची आहे ती या प्रमाणाला आचार्यांनी घातलेली अट. केवळ न दिसणे पुरेसे नाही. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी योग्यता त्या न दिसण्यात असली पाहिजे. उजेडात घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच दिसले नाही म्हणून पिशाच नाही असे म्हणता येत नाही, कारण ते असते तरी दिसणारे नव्हते. योग्यानुपलब्धी हे प्रमाण आहे, नुसती अनुपलब्धी नव्हे.

‘एकही वॉर्निंग न येता कर्नेल तयार झाले’ या वाक्याला नेमकी हीच अट लावून पाहावी. ज्या दोषांना पाहण्याची कंपायलरची योग्यता आहे त्यांच्यापुरता त्याचा मूकपणा प्रमाण आहे, त्यापलीकडे नाही. ६४ बिटांच्या युनिक्सवंशी प्रणालींत ठरलेल्या करारानुसार प्रत्येक फंक्शनाला स्टॅकच्या टोकाखालील १२८ बाइटांची जागा न विचारता वापरण्याची मुभा असते, आणि साश्रय प्रोग्रॅमांसाठी ती निर्धोक आहे. कर्नेलमध्ये मात्र इंटरप्ट कोणत्याही क्षणी येतो आणि यंत्र आपली नोंद त्याच स्टॅकवर, नेमकी त्याच जागेत, करून टाकते. फंक्शन परत चालू लागते तेव्हा त्याचे ठेवलेले सामान कोणीतरी उधळलेले असते. ही मुभा रद्द करणारा पर्याय कंपायलरला द्यावा लागतो. तो दिला नाही तर इशारा येत नाही, आणि येणार तरी कसा? इंटरप्ट दस्तऐवजात लिहिलेला नसतो. तो दस्तऐवजाबाहेरून, जगातून, येतो. कंपायलरच्या दृष्टीने इंटरप्ट म्हणजे ते पिशाच होय.

या योग्यतेची मर्यादा उभय बाजूंनी कशी चुकविते हे दाखविणारी दोन उदाहरणे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. निराश्रय अवस्थेतही जीसीसीला ४ फंक्शने लागतातच, स्मृतीचा भाग भरणारे, नकलणारे, हलविणारे आणि तुलना करणारे. ती ज्याची त्याने लिहावयाची. आता एखाद्याने स्मृती भरण्याचे फंक्शन साध्या आवर्तनाने लिहिले, तर जीसीसीच्या काही आवृत्त्या ते आवर्तन पाहून म्हणत की हे स्मृती भरण्याचे काम आहे, यासाठी सिद्ध फंक्शन आहेच, आणि त्या आवर्तनाच्या जागी त्या सिद्ध फंक्शनाला हाक मारणारी आज्ञा घालीत. ते सिद्ध फंक्शन म्हणजे हेच! नैयायिकांनी आत्माश्रय म्हणून जो दोष सांगितला तो यंत्रात इतक्या शुद्ध रूपाने क्वचितच पाहावयास मिळतो. तेथे अनंत पुनरावृत्ती खरी होती आणि इशारा नव्हता. दुसरे उदाहरण अमेरिकेतील एमआयटीच्या ‘एक्सव्ही६’ या लहानशा, विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी २००६ साली रचलेल्या प्रणालीचे. तिच्या बांधणीत प्रत्येक इशाऱ्याला प्रमाद मानण्याचा दंडक आहे. जीसीसीची बारावी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार तयार होणारी ती प्रणाली अडून बसली: तिच्या शेलमधील आज्ञा चालविणाऱ्या फंक्शनात अनंत पुनरावृत्ती आहे, असा इशारा येऊ लागला. ते फंक्शन एक तर चालू प्रक्रिया संपविते नाही तर स्वतःलाच पुन्हा हाक मारते; परत फिरण्याची वाट त्यात मुळीच नाही, एवढे कंपायलरने बरोबर पाहिले, आणि त्यावरून ते अनंतकाळ स्वतःलाच हाका मारीत राहणार असा चुकीचा निष्कर्ष काढला. येथे इशारा होता आणि दोष नव्हता.

एक्सव्ही६ च्या बाबतीत योजिलेला उपाय मला फार उद्बोधक वाटतो. इशारा बंद करून टाकता आला असता. फंक्शनाची रचना विनाकारण पिळून कंपायलरचे समाधानही करता आले असते. त्याऐवजी त्या फंक्शनावर एक गुणधर्म नोंदविण्यात आला की, हे फंक्शन कधीही परत येत नाही. ही गोष्ट आधीही सत्य होती, केवळ उच्चारलेली नव्हती. संशयाला उत्तर देण्याचा हा मार्ग दडपणुकीचाही नाही आणि शरणागतीचाही नाही. आपल्याला ठाऊक असलेले पण दस्तऐवजात न उतरलेले सत्य तेथे लिहून देणे, म्हणजे जुन्या भाषेत कैफियत दाखल करणे, हा तो मार्ग आहे. अंधारातील घटाला उजेडात आणले की शेरा आपोआप गळून पडतो.

मात्र कारकून वारंवार खोटे शेरे मारू लागला तर त्याचे खरे शेरेही कोणी वाचीत नाही. एखादे व्हेरिएबल मूल्य मिळण्यापूर्वी वापरले जाण्याची ‘शक्यता’ आहे असे सांगणारा एक इशारा जीसीसीत आहे, आणि तो कंपायलरच्या विश्लेषणाच्या खोलीवर अवलंबून असतो: वेगवर्धन बंद असेल तर तो उमटतच नाही, म्हणजे ज्याला कमी कळते त्याला शंकाही कमी येते. लिनक्समध्ये या इशाऱ्याने इतका निष्फळ कोलाहल माजविला की २०२० साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तो सामान्य बांधणीतून काढून टाकला. आणि याच गृहस्थांनी पुढल्याच वर्षी, २०२१ च्या सप्टेंबरात, सर्व इशाऱ्यांना प्रमाद मानण्याचे फर्मान संपूर्ण कर्नेलला लागू केले, आणि नाना यंत्रांवरच्या, नाना आवृत्त्यांच्या बांधण्या धडाधड अडू लागताच काही दिवसांतच ते मुख्यतः चाचणीच्या बांधण्यांपुरते मर्यादित केले. यात कोणाला धरसोड दिसेल. मला दिसत नाही. प्रत्येक संशयाला निर्णयाचा अधिकार दिला तर व्यवहार थांबतो आणि कोणत्याच संशयाला दिला नाही तर व्यवहार सडतो, या दोन टोकांमधील जागा नियमाने आखता येत नाही, ती माणसाला पुनःपुन्हा चाचपावी लागते.

चाचपण्याचा कंटाळा आला म्हणजे काय होते, हे डेबियन प्रणालीत घडले. हा इशारा कंपायलरचा नव्हता, स्मृतीचे परीक्षण करणाऱ्या त्याच्याच जातीच्या एका साधनाचा होता. ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या ग्रंथसंग्रहात यादृच्छिक संख्यांचा साठा करणारा भाग मूल्य न दिलेली स्मृती वाचतो, अशी तक्रार ते साधन करी. आणि तक्रार खरी होती. एका ठिकाणी ते वाचन हेतुपुरस्सर होते आणि त्याने ना लाभ ना हानी. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका ओळीतून मात्र साठ्यात खरी यादृच्छिकता ओतली जात होती. २००६ साली डेबियनमधील देखभाल करणाऱ्याने, मूळ कर्त्यांकडे विचारणा करूनही, दोन्ही ओळी काढून टाकल्या. इशारे बंद झाले. साधन संतुष्ट झाले. आणि त्या दिवसापासून डेबियन व तिच्यापासून निघालेल्या उबुंटू यांवर तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्यांच्या विविधतेस चालू प्रक्रियेच्या क्रमांकाखेरीज दुसरे काही कारण उरले नाही. तो क्रमांक फार तर ३२,७६८ प्रकारचा असू शके. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले तोवर जगभर अगणित दारांना मोजक्याच किल्ल्यांची कुलुपे बसलेली होती. येथे संशय खोटा नव्हता, विचारपूस झाली नव्हती असेही नाही. चुकले ते एवढेच की संशयाचे निवारण म्हणजे संशयाच्या विषयाचे ज्ञान हे विसरून, संशयाच्या अनुपस्थितीलाच निवारण मानण्यात आले.

मग शंका कोठवर काढावयाची? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रश्न त्याच्या अंतिम टोकाला नेऊन ठेवला. कंपायलर स्वतःच दूषित असू शकेल. तो प्रवेशद्वाराच्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा घालील, आणि नवा कंपायलर बांधावयास दिला तर त्यातही हीच खोड उतरवील. मूळ लिखाणात मात्र दोषाचा मागमूसही नसेल. म्हणजे इशारा देणाऱ्यावरच विश्वास नाही, त्याला तपासणारा दुसरा आणावा तर त्याच्यावर नाही, अशी अनवस्था. यावर दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांचे उत्तर मला आजही समाधानकारक वाटते. धूर आणि अग्नी यांच्या संबंधाविषयी शंका घेणारा मनुष्य धूर हवा असला की अग्नीच पेटवितो. त्याची कृती त्याच्या शंकेचा व्याघात करते. आणि जेथे असा व्याघात येतो तेथे शंकेची सीमा संपते. श्रीहर्षाने हेच वचन उलटे फिरवून, व्याघात आहे तेथे शंका असलीच पाहिजे, असे उत्तर दिले, आणि वादाच्या आखाड्यात ते सरस ठरते हे मला कबूल आहे. परंतु कर्नेल रचणारा आखाड्यात नसतो. तो कंपायलर चालवितो, म्हणजे त्याने त्याच्यावर तेवढा विश्वास टाकलेलाच असतो. ज्याच्या हाती त्याने सबंध कर्नेल सोपविले त्याच्या शेऱ्याकडे तो दुर्लक्ष करीत असेल, तर व्याघात त्याच्या शंकेत नाही, त्याच्या बेफिकिरीत आहे. आणि थॉम्प्सन यांच्या शंकेचा परिहार करावासा वाटलाच, तर तेच लिखाण दोन भिन्न वंशांच्या कंपायलरांकडून बांधून त्यांची साक्ष पडताळावी. लिनक्स आज जीसीसीने बांधता येते तसे क्लॅंगनेही बांधता येते.

तेव्हा गीता आणि न्यायसूत्रे यांच्यातील तंट्यात, निदान या एका क्षेत्रापुरता, मी आपला कौल न्यायसूत्रांच्या बाजूने देतो, आणि एक विनंती करतो ती आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ऑपरेटिंग सिस्टीम शिकविणाऱ्या अध्यापकांना. सर्व इशारे एकदम बंद करणारा एका अक्षराचा पर्याय जीसीसीत आहे आणि वहीत दाखवावयाचे उत्तर स्वच्छ दिसावे म्हणून विद्यार्थ्याला तो वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्याचे गुण कापण्यापेक्षा त्याला असे सांगावे की, कर्नेलबरोबर इशाऱ्यांची यादीही जोडावी, आणि प्रत्येक इशाऱ्यासमोर तो का आला, त्याचे काय केले आणि बंद केला असल्यास कोणत्या ज्ञानाच्या बळावर बंद केला, हे स्वतःच्या मराठीत दोन ओळींत लिहावे.